मीटरचे नऊ हजार फोटो

दुरुस्तीवाली : आणि फाइली काढताना लॅपटॉपनं विचारलं नाही तुम्हाला, नक्की काढायचं का म्हणून?

स्टोअरकीपर : विचारलं ना. दर वेळी विचारत होता. मी हो म्हणत गेलो.

धाकटी : ऐका! दर वेळी हो. घरात कधी कुणाला एवढ्या पटकन हो म्हणाले नाहीत हे.

स्टोअरकीपर : तू जरा गप्प बस. बाईंना काम करू दे.

दुरुस्तीवाली : बोलू द्या त्यांना, माझे हात चालू आहेत. पण काका, यातल्या काही फाइली तो सहसा काढूच देत नाही. परवानगी नाही म्हणतो.

स्टोअरकीपर : म्हणाला. मग परवानगी कशी मिळवायची ते व्हिडिओत बघितलं. तासभर लागला. मिळवली.

दुरुस्तीवाली : वा! बारा वर्षं हे दुकान चालवतेय. चहा सांडलेले लॅपटॉप येतात, जिन्यावरून पडलेले येतात, एकाचा तर बायकोनं खिडकीतून टाकलेला आला होता. पण रीतसर परवानगी घेऊन सिस्टिम उपसून काढणारा माणूस आज पहिल्यांदा बघतेय. एकेक करून काढल्यात?

स्टोअरकीपर : नाही. तारखेनं लावून.

दुरुस्तीवाली : म्हणजे कसं?

स्टोअरकीपर : मी बसडेपोत स्टोअरकीपर होतो. एकतीस वर्षं. आमच्याकडे नियम होता, तीन वर्षांत ज्या मालाला कुणाचा हात लागला नाही तो भंगारात. रॅक मोकळा करायचा. इथं बघितलं तर हजारो फाइली एकाच तारखेच्या, पाच वर्षांपूर्वीच्या. एकीलाही कुणी उघडलेलं नाही. नावंसुद्धा माणसानं ठेवल्यासारखी नाहीत. म्हटलं, विकताना कंपनीनं काहीतरी कोंबून दिलंय.

दुरुस्तीवाली : काका, ते इंजिन होतं.

स्टोअरकीपर : आता कळलं.

धाकटी : तीन वाजून दहा मिनिटं झाली. भावजी, पाचला ऑफिस बंद होतं.

दुरुस्तीवाली : कसलं ऑफिस?

धाकटी : माझ्या ताईचं. म्हणजे यांची बायको. चार महिने झाले तिला जाऊन. पाणीखात्यात मीटर वाचायची, घरोघर फिरून. तिचा फोन खात्याचा होता, तो आज जमा करायचाय. तीन पत्रं आली. यांनी तिन्ही ड्रॉवरमध्ये नीट लावून ठेवली.

दुरुस्तीवाली : मग फोन देऊन या की. लॅपटॉप कुठं पळून जातोय?

स्टोअरकीपर : फोनमधलं सगळं मी लॅपटॉपात घेत होतो. अर्ध्याच्या पुढं आलं, आणि जागा नाही म्हणाला. म्हणून तर जागा केली. मग उरलेलंही आलं. पण एकदम अडकला. माउस हलेना. मी बटण दाबून धरलं. तेव्हापासून हा असा. काळा.

दुरुस्तीवाली : बरं. पण फोनमध्ये मूळ प्रती आहेत ना? तुम्ही कॉपीच केलं असेल.

स्टोअरकीपर : कट केलं.

दुरुस्तीवाली : कट?

स्टोअरकीपर : एक वस्तू दोन ठिकाणी ठेवायची नाही. ठेवली की दोघांना वाटतं दुसरीकडं आहे, आणि गरजेला कुठंच सापडत नाही. एकतीस वर्षांत माझ्या स्टोअरमधला एक नट हरवला नाही.

धाकटी : थांबा, थांबा. म्हणजे फोन रिकामा आहे?

स्टोअरकीपर : हो.

धाकटी : आणि हा मेलेला.

स्टोअरकीपर : बंद आहे.

धाकटी : येताना मला काय सांगितलंत? ‘फोनमध्ये सगळं आहे, फक्त लॅपटॉप रुसलाय.’

स्टोअरकीपर : तू रस्त्यात आरडाओरडा केला असतास.

धाकटी : मग आता दुकानात करते! दोन महिने मागतेय मी यांच्याकडं, बाई. ताई मला रोज संध्याकाळी घरी जाता जाता आवाजातून निरोप पाठवायची. माझा फोन बिघडला, माझ्याकडचे गेले. म्हटलं, तिच्या फोनमध्ये असतील, मला द्या. तर म्हणे, ‘सुरक्षित आहे. एका ठिकाणी आहे.’ हे बघा यांचं एक ठिकाण!

स्टोअरकीपर : देणार होतो.

धाकटी : कधी? चौथ्या पत्रानंतर?

दुरुस्तीवाली : आधी दोघंही ऐका. तो फोन इतक्यात देऊ नका. इथं काही मिळालं नाही तर फोनमधून खरवडून थोडंफार निघू शकतं. एकदा तिकडं दिला की ते पुसून दुसऱ्या कुणाच्या हातात देणार. मग संपलं. त्यामुळं पाचच्या आत मला हे बघायला हवं. कळलं? आता ही माझी पेन ड्राइव्ह. लॅपटॉपचं स्वतःचं इंजिन नाही, म्हणून हिच्यावर चालू करते. नुसतं आत डोकावायचं. काही लिहायचं नाही, काही हलवायचं नाही.

(स्टोअरकीपर दुकानाच्या दारापर्यंत जाऊन परत येतो. चौथ्यांदा.)

धाकटी : भावजी, बसा हो एका जागी. त्या येरझाऱ्यांनी माझंच डोकं फिरायला लागलंय.

स्टोअरकीपर : बसलो की गुडघे धरतात.

दुरुस्तीवाली : डिस्क वाचतेय.

स्टोअरकीपर : म्हणजे काय?

दुरुस्तीवाली : म्हणजे तुम्ही इंजिन फेकलंत, पण डिकीतलं सामान जागेवर दिसतंय. ‘फोन’ नावाचं फोल्डर तुमचंच ना? त्यात आवाजाच्या चारशे फाइली...

धाकटी : चारशे!

दुरुस्तीवाली : ...आणि फोटो नऊ हजार दोनशे. काका, डिस्क यांनीच भरलीय. जागा हवी होती तर यातले काढायचे होते. बघू, आहे काय हे. मीटर. मीटर. हेही मीटर. हा दरवाजा, हां, त्याच्या शेजारी मीटर.

धाकटी : पाण्याचे मीटर?

दुरुस्तीवाली : सगळे तेच. मधूनमधून घरातले, पण बाकी मीटरच.

स्टोअरकीपर : आकड्यावरून उद्या कुणी भांडायला आलं तर पुरावा हवा म्हणून ठेवायची ती. एकही काढला नाही कधी.

धाकटी : तिचं ठीक आहे, ती नोकरी करत होती. तुमचं काय? तुम्ही लोकांच्या नळाचे मीटर जपलेत आणि लॅपटॉपचा जीव घेतलात? कुणी आता येणारे का भांडायला?

स्टोअरकीपर : ते काढायचे नव्हते.

धाकटी : पण का?

स्टोअरकीपर : नव्हते.

दुरुस्तीवाली : भांडा नंतर. मी आता हे सगळं माझ्या डिस्कवर उतरवून घेते. ते झाल्याशिवाय मी या लॅपटॉपच्या सिस्टिमला हात लावणार नाही. हा माझा नियम. तुमच्या नियमाच्या बरोबर उलटा आहे, माफ करा. पण डिस्क थकलीय, सावकाश देतेय. सगळं घ्यायचं तर सव्वा तास. मीटर सोडले तर दहा मिनिटं.

धाकटी : सोडा! सोडा ते मीटर. आधी आवाज घ्या.

स्टोअरकीपर : नाही. आधी मीटर.

धाकटी : भावजी!

स्टोअरकीपर : मीटर सोडायचे नाहीत, बाई. काहीच सोडायचं नाही. पण आधी मीटर घ्या.

धाकटी : ताईचा आवाज मागं आणि परक्यांचे मीटर पुढं? हे मी घरी कुणाला सांगितलं तरी खरं वाटायचं नाही. तुम्हाला झालंय तरी काय? सांगा ना बाई यांना, तुम्हीच सांगा.

स्टोअरकीपर : त्यातला एक मोठा करा. कुठलाही.

दुरुस्तीवाली : काका, वेळ...

स्टोअरकीपर : एकच.

दुरुस्तीवाली : हा घ्या. मीटर. वर झाकण, झाकण उघडं धरलेलं. काच, आकडे. धूळ. काय बघायचंय?

स्टोअरकीपर : वरती बघा.

दुरुस्तीवाली : वरती अंगठा आहे. झाकण उचलून धरलंय.

धाकटी : ...दुसरा उघडा.

दुरुस्तीवाली : हा.

धाकटी : अजून एक.

दुरुस्तीवाली : यातही आहे. सगळ्यांतच असणार. एका हातानं झाकण धरल्याशिवाय दुसऱ्या हातानं फोटो निघणारच नाही.

धाकटी : नख मधोमध चिरलेलं आहे. दारात सापडला होता तिचा अंगठा. ती आठ वर्षांची होती. दार मी लोटलं होतं.

स्टोअरकीपर : मला म्हणाली होती, वाऱ्यानं लागलं.

धाकटी : आईलाही तिनं तेच सांगितलं.

दुरुस्तीवाली : मी कॉपीला लावलंय. फोटो आधी. तुम्ही बोला.

स्टोअरकीपर : तू मला एक सांग धाकटे. तुझ्या ताईचे फोटो किती आहेत तुझ्याकडं?

धाकटी : आहेत की. लग्नातले. नंतरचे... नंतर फोटो कायम तीच काढायची. ‘तुम्ही उभे राहा, मी काढते.’

स्टोअरकीपर : फोनमध्ये तिचा एकही नाही. सगळा बघितला मी. तुझे आहेत, तुझ्या पोरांचे आहेत, माझे झोपलेले सहा आहेत, तोंड उघडं. तिचा नाही. मग दुसऱ्या महिन्यात एकदा मीटर बघत होतो, काय काम करायची बघावं म्हणून, तर हा दिसला. तेव्हापासून रोज शंभर बघतो. तारखेनं लावून. एका उन्हाळ्यात नऊ दिवस पट्टी आहे अंगठ्याला. तिला केव्हा लागलं होतं, मला माहीतच नाही. एकाच घरात होतो आम्ही.

धाकटी : मला सांगितलं होतं. खिळा लागला होता, कुणाच्या तरी फाटकाचा. तुम्हाला म्हणे सांगायचं नाही, ते उगीच दवाखाना दवाखाना करतील.

स्टोअरकीपर : केलंच असतं. शेवटच्या महिन्यातले सगळे फोटो हललेले आहेत. हात थरथरत होता. आणि मी तिला तेव्हा म्हणत होतो, चष्मा बदल.

दुरुस्तीवाली : काका, पाणी घ्या. तिथं तांब्या आहे.

स्टोअरकीपर : नको. किती झाले?

दुरुस्तीवाली : दोन हजार. वेग वाढलाय. घड्याळाकडं बघू नका, त्यानं वाढत नाही.

धाकटी : भावजी, मला हे आधी सांगितलं असतंत तर?

स्टोअरकीपर : तू हसली असतीस. मीटर बघत बसतो म्हणून.

धाकटी : हसले असते. पण मग बघितले असते.

दुरुस्तीवाली : तुमचं ऑफिस किती लांब आहे?

धाकटी : चालत दहा मिनिटं. आणि यांच्या गुडघ्यांनी वीस.

स्टोअरकीपर : पंधरा.

दुरुस्तीवाली : मग पुरे होईल. आवाजाच्याही येतायत आता. काका, तुमचा नियम मोडला बघा. दोन ठिकाणी झालं. तुमच्याकडं एक, माझ्या डिस्कवर एक. ते दुसरं कुणाला देऊ?

स्टोअरकीपर : हिला द्या. सगळं.

धाकटी : मीटरसकट.

स्टोअरकीपर : मीटरसकट. आणि तुमच्याकडंही राहू द्या थोडे दिवस.

दुरुस्तीवाली : तीन ठिकाणी? स्टोअरकीपरसाहेब, तब्येत बरी आहे ना?

धाकटी : कॉपी संपून अर्धा तास झाला. आता लॅपटॉपचं काय ते बघा. याच्या पोटात इंजिन बसणार का परत?

दुरुस्तीवाली : मघाशी दुरुस्ती लावून बघितली, जमली नाही. इतकं काढलंय की टाके कुठं घालायचे तेच कळत नव्हतं. म्हणून सिस्टिम नवीच टाकली, सामान न हलवता. आता पेन ड्राइव्ह काढते. बघा हं. त्याचा तो उठतोय का.

धाकटी : काळाच आहे.

दुरुस्तीवाली : थांबा.

धाकटी : अजून काळाच आहे.

स्टोअरकीपर : गप्प बस ना जरा.

दुरुस्तीवाली : उठला.

स्टोअरकीपर : उठला?

दुरुस्तीवाली : उठला. आणि आता मला वचन द्या, तारखेनं लावून काही म्हणजे काही काढणार नाही.

स्टोअरकीपर : दिलं.

धाकटी : पटकन हो म्हणाले! शिकले. चला, पावणेपाचला पाच कमी. द्या तो फोन इकडं, मी धरते.

दुरुस्तीवाली : एक मिनिट. मोजणी जुळली, पण एक फाइल तुटलेली दाखवतोय. सगळ्यात शेवटची. फोनमधून निघाली, पण इथं पुरती उतरायच्या आत तुम्ही बटण दाबलंत. फोन खरवडूनही बघितला मी, तिथंही नाही.

स्टोअरकीपर : शेवटची म्हणजे कुठली?

दुरुस्तीवाली : मीटरच. तारीख... शेवटच्या आठवड्यातली. उघडतेय, पण वरचाच अर्धा भाग आलाय. खाली सगळं राखाडी. आकडा गेलाय, काचही गेलीय. झाकण आणि अंगठा, एवढंच. काढून टाकू का?

धाकटी : राहू द्या. धरलंय ना तिनं झाकण.