शिकलेला हात

(दुपारची वेळ. टेबल टेनिसचा छोटा हॉल, आत एकच टेबल. शिकवणाऱ्या बाई जाळी ताणून बसवताहेत. फर्निचर कारखान्यातला पॉलिशवाला दारात चपला काढून उभा.)

पॉलिशवाला : नाही बाई, आज बॅट काढणार नाही मी. उलटं शिकवणार असाल तर थांबतो.

बाई : उलटं म्हणजे?

पॉलिशवाला : मला बिघडवा. मागच्या वर्षी इथे आलो तेव्हा जसा खेळायचो ना, तसा करून द्या.

बाई : तेव्हा तुम्ही खेळत नव्हतात. चेंडूला भोसकत होतात.

पॉलिशवाला : मग भोसकणारा करून द्या.

बाई : ऊन लागलंय का हो? वर्षभर जीव खाल्लात माझा. म्हणे, 'कारखान्यात एक जण आहे, तो चेंडू असा कापतो की माझा दर वेळी जाळीत जातो, त्याला एकदा हरवायचंय, एकदाच.'

पॉलिशवाला : हरवलं ना. सोमवारी. अकरा-दोन.

बाई : अहो मग मयताला आल्यासारखं तोंड कशाला केलंय?

पॉलिशवाला : तो एक जण म्हणजे माझा थोरला भाऊ आहे.

बाई : सख्खा?

पॉलिशवाला : सख्खा. दादा करवतीवर, मी पॉलिशवर. एका छपराखाली.

बाई : वर्षभरात एकदाही बोलला नाहीत हे.

पॉलिशवाला : सांगण्यासारखं काय आहे त्यात? आई कुणाकडे राहणार यावरून जुंपली आमची. आई गेली, भांडण तेवढं राहिलं. वहिनी आमच्याकडे येते, आमची ही तिकडे जाते, पोरं एका ताटात जेवतात. मुके फक्त आम्ही दोघं.

बाई : आणि तरी खेळता?

पॉलिशवाला : गोदामात टेबल आहे. दादानेच बनवलंय, उरलेल्या प्लायचं. जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघंच खेळणारे. खेळताना स्कोअर मोठ्याने म्हणावा लागतो ना, बाई. तेवढंच आमचं बोलणं. तो म्हणणार सात-तीन, मी म्हणणार सात-चार. सर्दी झाली असली की आवाजावरून कळायचं. त्याच्या पोरीचं लग्न ठरलं त्या दिवशी असा काही 'चार-शून्य' म्हणाला, मी समजलो, काम झालं.

बाई : मग चाललं होतं ते चालू द्यायचं! शिकायला कशाला आलात?

पॉलिशवाला : दादा महिनाअखेर काम सोडतोय. पोरीकडे जाऊन राहणार, लांब. मागच्या वर्षीच ठरलं हे. मला वाटलं, जायच्या आधी एकदा हरवलं तर चिडेल. शिवी देईल. 'कुठे शिकलास रे हे' म्हणेल. बारीकशी फट पडली असती तर मी पाय घातला असता आत.

बाई : आणि काय म्हणाला?

पॉलिशवाला : काही नाही. तुम्ही शिकवलंत तसं, ढकलायचं नाही, खालून वर घासायचं, तेच करत गेलो. त्याने कापलेला एकेक चेंडू उचलला मी. त्याला कळेचना चेंडू उडी कुठे मारतोय. शेवटी शेवटी तर तो नुसता बघत होता. शेवटचा स्कोअर मी म्हटला. त्याने बॅट पालथी ठेवली आणि करवतीवर गेला. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन फाटकाबाहेर बसला.

बाई : मुद्दाम हरायचं की मग. एवढी अक्कल नाही?

पॉलिशवाला : तेही केलं. बुधवारी त्याच्यासमोरून गोदामात गेलो आणि टेबलावर नुसता चेंडू आपटत उभा राहिलो. आला. हायसं वाटलं मला. दोन चेंडू जाळीत घातले, तिसरा घातल्यावर त्याने माझ्याकडे असं बघितलं... बाई, तो माणूस फळीवर हात फिरवून आतली कीड सांगतो. त्याला खोटं हरणं कळणार नाही?

बाई : कळणारच.

पॉलिशवाला : म्हणून म्हणतो, मला खरंच वाईट खेळता आलं पाहिजे. घरी आरशासमोर उभा राहून जुना फटका आठवून बघितला. हात तिकडे जातच नाही. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं.

बाई : लहान पोराचा हात कोरा असतो, त्याला काहीही शिकवा. तुमच्यासारख्यांचा आधी खरवडावा लागतो. तुमचा खरवडता खरवडता माझा खांदा गेला. आता तुम्हीच सांगा, तुमचाच धंदा आहे. खरवडलेलं पॉलिश परत चढवता येतं?

पॉलिशवाला : नवं चढवता येतं. तेच नाही.

बाई : झालं तर मग.

पॉलिशवाला : झालं तर मग काय, बाई? थोडेच दिवस राहिलेत.

बाई : ओरडू नका माझ्यावर. तुम्हाला जिंकायचं होतं, मी जिंकवलं. कुणाला आणि कशासाठी, ते तुम्ही सांगितलं नाहीत.

पॉलिशवाला : चुकलं माझं.

बाई : एक करा. त्यालाच घेऊन या इकडे. तुमचा चेंडू अडवायला अवघड आहे, पण अगदीच अशक्य नाही. बॅट जरा पुढे झुकवून धरायची, बस्स. चार दिवसांत निदान समोर उभं राहण्यापुरतं शिकवते.

पॉलिशवाला : तो येतोय! सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही. आणि कुठल्या तोंडाने येईल? धड बॅट धरता येत नाही त्याला. करवतीने बोट गेलंय, अंगठ्याशेजारचं, अर्धंच उरलंय. उरलेल्या बोटांत बॅट अडकवून कापतो तो.

बाई : उजव्या हाताचं?

पॉलिशवाला : हो.

बाई : उंच आहेत? कानाला पेन्सिल?

पॉलिशवाला : दादाच्या कानाची पेन्सिल तुम्हाला काय ठाऊक?

बाई : गुरुवारी आले होते.

पॉलिशवाला : कोण?

बाई : तुम्ही उभे आहात तिथेच उभे होते. आत या म्हटलं तर अंगाला भुसा आहे म्हणाले.

पॉलिशवाला : दादा इथे आला होता?

बाई : विचारत होते, खालून घासून मारलेला चेंडू परत कसा द्यायचा, थोड्या दिवसांत शिकता येईल का. मी हात वर करायला सांगितला. खांद्याच्या वर जाईना. बोट तसलं. म्हटलं, आता नाही जमायचं हो. उगाच हात दुखवून घ्याल.

पॉलिशवाला : बाहेर पाटी लावलीय तुम्ही. 'वयाची अट नाही.'

बाई : मीच रंगवलीय ती.

पॉलिशवाला : मग?

बाई : मग काय! शिकायला येणारे मोठे लोक चार दिवस येतात, गुडघा धरतात, जातात. म्हटलं, या माणसाला तरी खरं सांगावं. तुम्हालाही जमणार नाही असंच वाटलं होतं मला. तुम्ही आलात तेव्हा हॉल रिकामा होता, म्हणून घेतलं.

पॉलिशवाला : आता 'अशक्य नाही' म्हणालात.

बाई : आता ते कोण आहेत ते कळलं.

पॉलिशवाला : बोलवा त्याला.

बाई : नाव सांगितलं नाही, नंबर ठेवला नाही. तुम्ही सांगा, बाईंनी बोलावलंय म्हणून.

पॉलिशवाला : मी सांगू?

बाई : जीभ आहे ना?

पॉलिशवाला : सांगितलं की त्याला कळणार, मला समजलंय. धाकट्यासाठी शिकायला गेला आणि दारातून परत पाठवला. हे मला ठाऊक आहे असं कळलं तर तो जन्मात माझ्याकडे बघायचा नाही.

बाई : मग मी येते कारखान्यात. हात जोडते त्यांना.

पॉलिशवाला : नको. एकदा नाही म्हटलेल्या दारात तो परत जात नाही. तसा जाणारा असता तर माझ्या दारात आला असता की इतक्या वर्षांत.

बाई : तुम्ही गेलात का त्यांच्या?

पॉलिशवाला : नाही.

बाई : तेच म्हटलं.

पॉलिशवाला : जाताना काही बोलला?

बाई : म्हणाले, समोरचा फार सुंदर खेळायला लागलाय. त्याला माझ्यासारख्याशी खेळायचा कंटाळा येत असणार.

पॉलिशवाला : सुंदर म्हणाला?

बाई : हो.

पॉलिशवाला : दादा असं बोलत नाही कधी.

बाई : माझ्याशी बोलले.

पॉलिशवाला : तुमच्याशी.

बाई : बसा जरा. पाणी आणते.

पॉलिशवाला : नको, निघतो. सुट्टी संपत आली. फाटकात बसलेला असेल, त्याच्यासमोरूनच आत जायचंय मला.