सिद्धेशच्या हृदयाला सूज आलीये

नाही बाबा, अटॅक नाही — फोनवर मी घाबरून काहीही बोलले. बसा ना आधी, मिरजेहून निघालात ते सरळ इथे हॉस्पिटलातच. हृदयाला सूज आलीये त्याच्या. कशानं? म्हणजे — जंतांनी. हो, जंतच. मीही डॉक्टरांना विचारलं, जंत पोटात होतात ना? तर म्हणाले, त्यांची पिल्लं रक्तात उतरतात, स्नायूंत घुसतात. हृदयात राहत नाहीत म्हणे, नुसती जातात — पण मागे ही सूज.

आधी जुलाब झाले, मग ताप, पापण्या सुजल्या, अंग इतकं दुखायचं की केस विंचरायला हात वर होईना. इथल्या आमच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या फ्लू आहे, झोपा. झोपला बिचारा. मग एकदा जिना चढताना मधेच बसला, म्हणाला, ऊर्मिला, श्वास — आणि ओठ निळे.

पाणी? नाही हो, जर्मनीतलं पाणी चांगलं आहे, आमच्या गेर्लिंगेनचंही. भाजीतूनही नाही. खाण्यातूनच, पण... आमच्या खालच्या मजल्यावरचे योर्ग शिकारीला जातात. त्यांनी रानडुक्कर मारलं, घरीच सॉसेज केलं, नुसतं धुरावर धरलेलं, न शिजवता. मांस तपासून घ्यावंच लागतं इथे, त्यांनी या वेळी नाही घेतलं. स्वतःही आजारी पडले, पण बरे झाले. आता रोज येतात, त्या खुर्चीत बसून रडतात. एवढा मोठा माणूस — त्यांच्यावर काय ओरडू मी?

हो. सिद्धेशनं खाल्लं. मांस खातो तो, बाबा, इथे आल्यापासून. तुम्हाला कळू द्यायचं नव्हतं. काल ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून तेवढंच म्हणाला, बाबांना सांगू नकोस — आणि मी सांगून बसले. बाबा? अहो, रागवा हवं तर माझ्यावर, पण त्याच्यावर नको.

जंतांवरचं औषध चालू आहे, स्टेरॉइड चालू आहे. पण हृदय जेमतेम चालतंय, उद्या सकाळी त्याला आधाराला मशीन लावणार. सुधारतोय म्हणाले होते ना मी तुम्हाला, आईंना? नाही सुधारत, बाबा. काही केल्या नाही सुधारत.

सिस्टर बोलावतायत. एकालाच सोडतात. नाही, मी नको, तुम्ही जा. तिथे हात धुवा. आणि त्याला म्हणा, ऊर्मिलानं मला काही सांगितलं नाही — नको, काहीच नका म्हणू. नुसता हात धरा. मला नाही कळत आता काही. जा बाबा, जा ना.