दुर्बीण रोज सांगायची, ठीक आहे

तुम्ही नेहमी माझ्या दुर्बिणीचं विचारता ना, मग हे ऐका. अंतराळातल्या त्या दुर्बिणीचं सॉफ्टवेअर आमची टीम पुण्यात बसून सांभाळते. बुद्ध पौर्णिमेला मी वर्षभरानं गडचांदूरला घरी गेलो आणि नेमकी तेव्हाच ती बंद पडली. खाटेवर लॅपटॉप घेऊन माझी नुसती चिडचिड चालली होती. आईनं डाव्या हातानं चहा पुढं केला.

“काय झालं रे?”

“बॅटरी कवाची तापून राह्यली होती, आई. पण ते मोजणारा सेन्सरच बंद. आमी रोज विचारलं का ही आपली जुनाच आकडा पाठवून सांगे, ठीक हाय. खोटारडी कुठली!”

“मंग जाऊन काऊन नाई पाह्यलं?”

“तिथं कोनालेच जाता येत नाई.”

आई शेजारी बसली. “मंग तिच्यावर काऊन चिडतं? एवढ्या दुरून विचारलं तं ठीक हाय असंच सांगते कोनीबी.”

रोज फोनवर तीही मला हेच सांगायची. मी मान वर केली. तिचा उजवा हात मांडीवर नुसता पडून होता.

“हात कवापासून असा हाय?”

“पोळ्यापासून,” आई म्हणाली.