मीटरमागचे बल्ब

गॅरेजच्या बाकावर एक शिक्षिका स्वतःच्या गाडीचं ऑइल बदलून होण्याची वाट बघत होती. शेजारी एक म्हातारी आई आणि तिचा चाळिशीतला मुलगा येऊन बसले. दोघांचं आधीपासूनच जुंपलेलं होतं. शिक्षिकेने मासिक जरा वर धरलं.

“अगं, जुनी गाडी. मीटरचे बल्ब जायचेच.”

“सगळे एकाच दिवशी?”

“जातात कधीकधी. आणि तुला अंधारात गाडी घेऊन कुठे जायचं असतं?”

“मैत्रिणीकडे, पत्ते खेळायला. तुला विचारून जायचं का आता?”

“मी सोडतो म्हटलं ना.”

“सोडतोस. आणि आठच्या ठोक्याला दारात येऊन हॉर्न वाजवतोस. माझ्या हातात तेव्हा चांगली पानं असतात.”

“काळजी वाटते म्हणून येतो, आई.”

“काळजी कर की. नाही कोण म्हणतंय? पण ती तुझ्या घरी बसून कर.”

मेकॅनिक हात पुसत आला.

“काकू, मीटर खोलला. बल्ब जळलेले नाहीत.”

“मग दिवे का लागत नाहीत?”

“आत बल्बच नाहीत. होल्डर रिकामे आहेत. कुणीतरी काढून घेतलेत.”

आई मुलाकडे वळली. शिक्षिका तेच पान वाचत राहिली.

“कुठे ठेवलेस रे?”

“...माझ्या टेबलाच्या खणात.”

“राहू देत तिथेच. दादा, नवे टाका. आणि कसे बसवतात ते मला दाखवा. घरचाच माणूस काढणारा आहे, तर बसवणारंही कुणीतरी हवं.”