पेट्रोल त्याच्याकडे, जेवण माझ्याकडे

मी मूळची चिंचवडची. वडील तिथल्याच एका कारखान्यात फिटर होते, घरात एक स्कूटर होती आणि तिचं पेट्रोल नेहमी रस्त्यातच संपायचं. मग आम्ही सगळे खाली उतरायचो, बाबा ती आडवी करायचे, तळाशी राहिलेले चार थेंब पुढे यायचे आणि आम्ही घरी पोचायचो. त्यामुळे पेट्रोल संपण्याची भीती अशी मला कधी नव्हतीच. ती शिरीषला. शिरीष म्हणजे माझा नवरा, कोथरूडचा, टाकी अर्धी झाली की पंप शोधणारा माणूस. त्याला कॉम्प्युटरच्या चिपची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत नोकरी लागली म्हणून आम्ही इथे डच लोकांच्या देशात, फेल्डहोवनला आलो. मी सॉफ्टवेअर टेस्टर, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा, तर मलाही जवळच आइंडहोवनला काम मिळालं.

मोटरसायकल इथे आल्यावर सुरू झाली. चाळिशीत लायसन्स काढलं, शिकवणारा मागून त्याच्या बाइकवर आणि माझ्या कानात त्याचा आवाज, डावीकडे बघा, आता उजवीकडे बघा. इथे आसपास वाळूचे रस्ते आहेत, जिथे परवानगी आहे तिथे आम्ही शनिवारी जायचो, पडायचो, उठायचो, घरी येऊन पिठलंभात खायचो. मग हळूहळू लांब जायला लागलो. लांब म्हणजे स्वीडनच्या जंगलात, दिवसभर खडीचा रस्ता आणि दोन्ही बाजूंना झाडं, पंप कुठे नाही.

आता तुम्हाला सांगते, शिरीषची बाइक मोठी, टाकी मोठी. माझी हलकी, वाळूत उचलता यावी म्हणून घेतलेली, पण टाकी एवढीशी. म्हणून जादा पेट्रोल न्यायला लागतं. सुरुवातीला आम्ही एक पातळ पिशवीसारखा कॅन घेतला होता आणि मी तो माझ्या बॅगेत चिवड्याशेजारी ठेवला, जागा होती म्हणून. झाकण घट्ट होतं, थेंब सांडला नाही, पण संध्याकाळी चिवडा उघडला तर पेट्रोलचा वास. शिरीषने तरी तो खाल्ला, टाकवेना म्हणून. रात्रभर पाणी पीत होता. तेव्हापासून वाटणी झाली, पेट्रोल त्याच्याकडे, जेवण माझ्याकडे.

त्याने मग दोन चपटे लाल कॅन आणले, बाइकच्या दोन बाजूंना पक्के बसवले. काठोकाठ भरायचे नाहीत, उन्हात पेट्रोल फुगतं. भरताना कॅन खाली जमिनीवर ठेवायचा, बाइकवर असताना नाही. झाकण एकदम उघडायचं नाही, आधी हवा जाऊ द्यायची. हे सगळं तो मला दरवेळी सांगायचा आणि मी हो हो करायचे, कारण भरणार तोच होता. दुपारी जेवायला थांबलो की मी दशम्या काढायच्या, त्याने माझी टाकी भरायची. काय सांगू तुम्हाला, इतकं सुखाचं होतं ते.

दोन वर्षांपूर्वी असेच जंगलात होतो. माझी बॅग सैल झाली म्हणून मी थांबले, तो पुढे गेला, पुढे रस्ता फुटत होता. तो उजवीकडे गेला, मी सरळ. मी आपली जातेय जातेय, तो दिसेना, आणि मग बाइक खोकली आणि बंद. फोनला रेंज नाही. आता आमच्या घरात एक नियम आहे, इरा, म्हणजे आमची मुलगी, लहान असताना तिला शिकवलेला, की गर्दीत चुकामूक झाली तर जिथे आहेस तिथेच थांबायचं, आम्ही येऊ. मी म्हटलं, शिरीष येईल. बसले. आणि तिकडे शिरीषच्या लक्षात आलं की मी मागे नाही, तर त्यानेही तोच नियम पाळला. म्हणजे दोघंही बसलो, एकमेकांची वाट बघत. माझ्याकडे डबाभर दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, त्याच्याकडे दहा लिटर पेट्रोल.

शेवटी एक म्हातारी बाई जुन्या गाडीतून आली, जंगलात बेरी गोळा करायला आलेली. मला बघून म्हणाली, तुझ्याचसारखा एक माणूस तिकडे पुलावर बसलाय, माझ्या बादलीतल्या अर्ध्या बेरी खाल्ल्या त्याने, तो तुझाच का? मी म्हटलं, माझाच. ती परत जाऊन त्याला घेऊन आली. त्याची जीभ निळी झाली होती. मी म्हटलं, पेट्रोल आण. तो म्हणाला, आधी दशमी दे.

त्या दिवशीच मी म्हटलं होतं, पुढच्या वेळी माझे कॅन माझ्या बाइकवर. तो म्हणाला, बघू. पण पुढच्या वर्षी त्याच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, चाला, सायकल चालवा, खडबडीत रस्त्यावर मोटरसायकल मात्र नाही. किती दिवस, असं विचारलं तर नीट सांगत नाहीत. मग या वर्षी मी ठरवलं, एकटी जाते. शिरीष नको म्हणाला नाही, तो तसा माणूसच नाही. तो फक्त अडचणी सांगायचा. कॅन लावलेस तर बाइक वाळूत तुला एका बाजूला खेचेल. पडलीस तर उचलणार कोण. एकदा इरा जेवता जेवता डचमध्ये म्हणाली, डू नॉर्माल, बाबा, म्हणजे जरा शहाण्यासारखं वाग. तर हा म्हणाला, मी नॉर्मलच आहे, आई नाहीये.

म्हणून मार्चमध्ये आम्ही वाळूच्या रस्त्यावर गेलो. त्याचे कॅन माझ्या बाइकवर, भरलेले, तो गाडीत बसून बघणार. मी आधीच सांगितलं होतं, काही झालं तरी उचलायला यायचं नाही, पाठ पुन्हा गेली तर मी कुठेच जाणार नाही. तर मी पडलेच, त्याच्या डोळ्यांसमोर. बघते तर गाडीचं दार उघडलं, त्याचा एक पाय बाहेर आला. थोड्या वेळाने तो पाय आत गेला आणि दार लागलं. मी दोन्ही कॅन काढून लांब ठेवले, सीटला पाठ लावली आणि पायांनी रेटत बाइक उभी केली. गाडीजवळ गेले तर म्हणाला, डावा कॅन जरा खाली घेऊ, बरं पडेल. तेव्हा मला कळलं, मी जातेय.

परवा निघायचंय. जर्मनीतून बोट आहे आणि बोटीवर सुटं पेट्रोल नेऊ देत नाहीत, कॅन रिकामे लागतात. शिरीषला हे चांगलं माहीत आहे, त्याच बोटीने आम्ही जायचो. तरी काल संध्याकाळी शेडमध्ये बघते तर दोन्ही कॅन भरलेले. मी म्हटलं, अरे, हे कशाला? तो म्हणाला, बोटीपर्यंत असू दे, चढायच्या आधी टाकीत ओत. मी म्हटलं, जर्मनीत पावलोपावली पंप आहेत, स्वीडनला उतरले की पहिल्या पंपावर मी कॅन भरीन ना. त्याने फनेल घेतलं आणि दोन्ही कॅन स्वतःच्या बाइकच्या टाकीत ओतले, सावकाश, एक थेंब न सांडता. मी विचारलं, तुला काय करायचंय एवढं पेट्रोल? म्हणाला, राहू दे, पुढच्या वर्षी लागेल.

टाकीत वर्षभर राहिलेलं पेट्रोल खराब होतं, हे त्यानेच मला शिकवलंय. मी म्हटलं, हो, लागेल की.