शटर ओढल्यावर

हॅलो?… हॅलो, कोण?… अगं तूच का! बरं झालं, मीच लावणार होते… हो, हो, आपल्या लाँड्रीत शूट केलेलं तुझं गाणं पाहिलं. कालच पाहिलं. मी दोनदा पाहिलं, तुझ्या आजोबांनी पाच वेळा… आवडलं म्हणजे… थांब, आधी मला एक सांग. तुझे आजोबा वारले कधी?

…हसू नकोस. अगं हसू नकोस, ऐक ना! सकाळपासून लाँड्रीत रांग लागलीय… नाही, कपडे टाकायला कसली, परत न्यायला! कोपऱ्यावरचा औषधवाला आला, म्हणाला, काकू, माझे दोन शर्ट तसेच द्या, इस्त्री राहू द्या, आता तुम्ही काही करू नका. तेवढ्यात हे आतून बाहेर आले, हातात त्याचीच पँट… त्याचं तोंड बघायला हवं होतंस. पँट न घेताच गेला.

…कशावरून म्हणजे? गाण्याखाली लोकांनी लिहिलंय की! मी स्वतः वाचलं, एकेक अक्षर लावून. 'आजोबांना भावपूर्ण श्रद्धांजली.' एवढी जोडाक्षरं तर प्रौढांच्या वर्गात बाईंनीही मला कधी घातली नव्हती.

…काय? हँगर?… गाण्यात हँगरला रिकामा शर्ट लटकला की माणूस गेला असं समजायचं? कोणी ठरवलं?… सगळ्यांना कळतं? अगं लाँड्री आहे ती! तिथे दोनशे शर्ट लटकतात, मग काय अख्खी गल्ली गेली?… आणि तो यांचा नव्हताच मुळी, दातांच्या डॉक्टरांचा होता. तेही येऊन गेले. आपला शर्ट ओळखला म्हणे गाण्यात.

…सावकाश सांग, मला अर्थ लागत नाहीये… बरं… दुःखाच्या गाण्यात म्हातारी असली की रंग काढून टाकायचे… बरं… तिने खिडकीतून बघायचं… आणि हळूहळू चालायचं. अगं, मी हळू चालते ती गुडघ्यामुळे! गुडघेदुखीचं तुम्ही दुःख करून ठेवलंत?

आणि मी हसले होते ते कुठे गेलं?… तेच, इस्त्रीची वाफ तुमच्या त्या लांब केसवाल्या गायकाच्या कानाशी गेली आणि तो 'आई गं' म्हणून उडाला, तेव्हा… कापलं? का?… बसत नव्हतं म्हणजे?… म्हातारी हसली तर बघणारे गोंधळतात? मग आता कोण गोंधळलंय?

…आणि नाचाचं गाणं असतं तर?… तर मला गॉगल लावला असतास? म्हणजे एक तर रडायचं, नाहीतर गॉगल. मधलं काहीच नाही? अगं, आम्ही दिवसभर मधलेच असतो!

नाही, चेष्टा पुरे. ऐक. हे माझ्याशी बोलत नाहीयेत… काल पाहिल्यापासून. आज इस्त्रीही तापवली नाही… मला कुठे कळतंय! मलाही तसंच वाटलं, जिवंत माणसाला मेलेला दाखवलं, राग येणारच. म्हटलं, अहो, गाणं आहे ते. तर म्हणाले, मला मारलंत त्याचं काही नाही. एवढंच. आणि परत फोन घेऊन बसले… शेवट, शेवट बघतात. मी शटर ओढते ते. ओढून झालं की मागे नेतात, परत मला ओढायला लावतात.

…हो ना, बत्तीस वर्षांत मी शटरला हात लावला नव्हता. वर तेच करायचे, खाली तेच ओढायचे. पण तू म्हणालीस म्हणून ओढलं, तेव्हा हे समोरच होते की! तुमचा तो पांढरा थर्माकोल धरून, माझ्या तोंडावर उजेड पाडत. तेव्हा काही बोलले नाहीत.

…काढून टाकतेस? अगं पण तुझं पहिलंच काम ना हे? आणि तो गायक?… चाळीस हजारांनी पाहिलं?… रडू नकोस गं. मघाशी हसत होतीस, आता रडतेस, मी कुठल्या बाजूने बोलू?… थांब. हे उठले. इकडेच येतायत. फोन ठेवू नकोस.

अहो, नात आहे. गाणं काढून टाकते म्हणतेय… काय?… हे काय विचारणं झालं?… बरं, बरं, विचारते.

अगं, काढू नकोस म्हणतात. फक्त एवढं सांग, शटर ओढल्यावर ती म्हातारी कुठे जाते?… मी नाही, ती, गाण्यातली… अहो, गाणं तिथेच संपतं म्हणतेय… काय?… अगं, ते म्हणतात, गाणं संपू दे, पण म्हातारी रस्त्यावर उभी आहे. पाठमोरी. अंधारून आलंय, हातात साधी पिशवी नाही. तिला घरी कोण नेतं?



…मला काय विचारतेस? मला तू तेवढंच सांगितलं होतंस, शटर ओढ आणि उभी राहा. मी राहिले. मग तू 'कट' म्हणालीस, आणि यांनी थर्माकोल ठेवला, म्हणाले, चल घरी…

…अहो. यासाठी पाच वेळा बघितलंत होय?

…हो, हो, आहे मी. नाही, काही झालं नाही. हे अजून एक विचारतायत… अहो, असं कसं विचारू पोरीला! तुम्हीच घ्या फोन… नाही घेत म्हणतात. अगं, ते विचारतायत, तिला तू नेशील का?

…काय म्हणालीस?… थांब, थांब, मला एकटीला सांगू नकोस, त्यांना ऐकू जाऊ दे. स्पीकरचं बटण दाबते… हेच असेल… हॅलो? बोल आता, मोठ्याने… हॅलो?… हॅलो!

अहो, कट झाला. लाल बटण दाबलं वाटतं मी… नाही, पुरतं कुठे ऐकलं! बोलायला लागली होती… असं बघू नका माझ्याकडे. लावते परत. नंबर सांगा तुम्ही… हळू सांगा.