पुस्तकात हातोडा नाही

हातोडा : वहिनी, पाणीबिणी नको. आधी तुमच्या नवऱ्याला बाहेर बोलवा. मला जाब विचारायचाय.

बायको : बसा तरी. येतीलच. आणि बोलताना जरा मोठ्यानं बोला हं, त्यांचा डावा कान कामातून गेलाय.

हातोडा : ठाऊक आहे. मीच घालवला.

बायको : अगं बाई! म्हणजे तुम्ही हातोडा? अहो, बाहेर या! हातोडा आलाय!

लेखक : (आतून) नळ गळतोय, त्याला हातोडा कशाला? पाना दे म्हणावं!

बायको : वस्तू नाही हो, माणूस! तुमच्या बॉक्सिंगमधला!

लेखक : कोण? ...अरे! पोट सुटलं की तुझं.

हातोडा : तुझे केस गेले.

लेखक : केस गेले म्हणून कुणी वजनी गट बदलत नाही. तुझे दोन तरी बदलले असतील. बस.

हातोडा : बसायला नाही आलो. हे पुस्तक तुझंच ना?

लेखक : माझंच. सही हवीय?

हातोडा : सही गेली खड्ड्यात! यात सगळी दुनिया आहे. चष्मा घरी विसरून आलेला आणि हरलेल्याचाच हात वर करणारा तो पंच आहे. शिंक आली की हातातल्या माणसाचा पाय मुरगळणारा मालिशवाला आहे. तुझ्या प्रशिक्षकाचं मांजर आहे, चांगलं चार पानं! आणि मी? मी कुठाय?

लेखक : म्हणजे तू पुस्तक स्वतःला शोधत वाचलंस?

हातोडा : दोनदा. दुसऱ्यांदा चष्मा बदलून.

बायको : थांबा, थांबा. तुमची टिंगल केली नाही, म्हणून तुम्ही भांडायला आलात?

हातोडा : मग! मी क्लबात छाती काढून सांगून बसलो होतो, बघा, मी असणार यात. याची शेवटची लढत माझ्याशी झाली, मी नसेन तर कोण असेल? आता तिथली पोरं विचारतात, काका, तुम्ही नक्की बॉक्सरच होता ना? मांजराला जागा आहे, मला नाही!

लेखक : मांजर माझ्या कानावर बसलं नव्हतं.

हातोडा : बघा, वहिनी. अजून राग आहे.

लेखक : राग असता तर बरं झालं असतं रे. रागात मी फर्मास लिहितो. त्या मालिशवाल्यावर माझा अजून राग आहे, बघ पुस्तकात कसा उतरलाय तो! तुझं लिहायला बसलो की मात्र कागद कोराच.

हातोडा : का?

लेखक : मला काही आठवत नाही. घंटा वाजली, तू समोर आलास, आणि मग एकदम सकाळ, हॉस्पिटलचा पंखा. मधलं मला लोकांनी सांगितलं. तेही कसं? मीच वारलोय आणि ते माझ्याकडेच समाचाराला आल्यासारखं. त्यावर कुणाला हसू येणार?

हातोडा : एकदम सकाळ? मग आदल्या संध्याकाळचं?

लेखक : संध्याकाळचं काय?

हातोडा : वहिनी, तुम्हीही नाही सांगितलंत?

बायको : लढत परगावी होती. मी सकाळी पोचले. उशाशी केळी होती आणि हे पंख्याकडे बघत पडले होते. मला काय माहीत?

हातोडा : आता मात्र मी बसतो. ...अरे, तू संध्याकाळी शुद्धीवर आला होतास! मी केळी घेऊन शेजारी उभा. डोळे उघडलेस आणि पहिला प्रश्न, मी जिंकलो का?

लेखक : आणि तू?

हातोडा : डॉक्टर म्हणाले होते, याच्या मनाला धक्का लागता कामा नये. मी म्हटलं, हो. तूच जिंकलास.

बायको : अय्या!

हातोडा : पुढचं ऐका. हा माझं सांत्वन करायला लागला! माझा हात हातात घेऊन म्हणतो, मनाला लावून घेऊ नकोस, खेळात हार-जीत चालायचीच.

बायको : ज्यानं लोळवलं त्यालाच?

हातोडा : मग म्हणाला, कप कुठाय? मी धावत जाऊन माझा कप आणला. यानं त्यातून चहा प्यायला. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांना पाजला. मग वॉर्डापुढे भाषण! नर्सबाईंनी थर्मामीटर तोंडात कोंबलं तेव्हा कुठे थांबला.

लेखक : काय बोललो भाषणात?

हातोडा : निम्मं भाषण माझ्याच कौतुकाचं होतं. पोरगा गुणी आहे म्हणे, फक्त उजवा हात मारताना डावा खाली टाकतो. मला खाटेपुढे उभं करून तू तासभर ते शिकवलंस. मी शिकलोही. पुढच्या वर्षीची स्पर्धा त्याच्यावर जिंकलो.

बायको : अहो, हसताय काय असे? ठसका लागेल! पाणी घ्या. ...अहो?

लेखक : काही नाही गं. डोळ्यात गेलं काहीतरी. हातोड्या, इतकी वर्षं बोलला का नाहीस?

हातोडा : सकाळी, वहिनी यायच्या आधी, मी परत डोकावलो तर तू मान फिरवलीस. मला वाटलं, तुला सगळं आठवतंय आणि लाज वाटतेय. म्हणून मी कुणापुढे अवाक्षर काढलं नाही. अगदी क्लबातसुद्धा.

बायको : भाऊजी, जेवूनच जायचं आता.

हातोडा : हे लिहिशील ना पण? तुला हवं तेवढं मला वेडं ठरव. फक्त मांजरापेक्षा एक पान जास्त दे.

लेखक : देतो. ...काय गंमत आहे बघ. एक अख्खी संध्याकाळ मी जिंकलेला होतो, आणि मला कुणी सांगितलंच नाही.

हातोडा : मी सांगितलं होतं की. तूच विसरलास.